कोटाखालची डाऊनची बंडी: वापरून सांगते

कपडा हातात आला की मी आधी तो उलटा करते. शिवणकाम करणाऱ्या बाईची खोड. दुकानातली मुलगी रंगाचं कौतुक करत असते आणि मी मुंढ्याची शिवण ताणून बघत असते. तेव्हा हे परीक्षणही आतूनच सुरू होणार. वस्तू साधी आहे: डाऊन, म्हणजे पक्ष्यांची मऊ लव भरलेली, बिनबाह्यांची, बिनकॉलरची पातळ बंडी. कोटाच्या आत घालायची, म्हणजे लोकांना दिसायची नाही अशी. ऐन थंडीत एका मोठ्या शहरात फिरायला जायचं होतं म्हणून घेतली, आणि सबंध सहलीत तीच अंगावर राहिली. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण याच घाटाची बंडी आता बरेच जण काढतात आणि मी सांगणार आहे ते गुणदोष थोड्याफार फरकाने सगळ्यांचेच आहेत.

निकाल आधी सांगून टाकते. चांगली आहे, घ्यावी. पण घ्यायची ती फुगीर जॅकेटच्या ऐवजी, त्याच्या जोडीला नव्हे. आणि तुमच्याकडे एक बरा लोकरी कोट असेल तरच. कोट नसेल तर हिचा अर्धा उपयोग गेला.

डोंगरातली थंडी वेगळी, शहरातली वेगळी. डोंगरात माणूस सकाळी बाहेर पडला की तासन्‌तास बाहेरच असतो. शहरात तुम्ही सारखे कुठेतरी आत शिरत असता: मेट्रोत, संग्रहालयात, दुकानात, हॉटेलच्या लॉबीत. आत हीटर लावून २०-२२ अंश केलेलं असतं, बाहेर शून्याच्या आसपास. त्रास थंडीचा नसतो, या ये-जाचा असतो. जाड स्वेटर आणि वर जाड जॅकेट घालून गर्दीच्या मेट्रोत उभं राहिलं की पाच मिनिटांत पाठीला घाम. मग जिना चढून वर आलात की तोच घाम वाऱ्यावर गार पडतो आणि आपण म्हणतो, एवढे कपडे घालूनही थंडी कशी वाजते! कपडे कमी पडलेले नसतात, ओले झालेले असतात.

त्यात वारा. उंच इमारतींमधल्या गल्लीत, नदीवरच्या पुलावर, चौकाच्या कोपऱ्यावर तो अचानक गाठतो. हवामान खाती जो तक्ता वापरतात त्यानुसार ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला ती थंडी ० अंशासारखी लागते. ० अंशात ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर उणे ५ सारखी. म्हणून फोनवर नुसतं तापमान बघून बॅग भरू नये, त्याच्या खालचा वाऱ्याचा आकडाही बघावा.

तर कामं तीन आहेत. घाम टिपायचा, ऊब धरायची, वारा अडवायचा. एकाच जाडजूड कपड्याकडे तिन्ही सोपवली की तो काढला तर सगळंच गेलं आणि ठेवला तर उकडतंय. तीन पातळ कपड्यांत वाटून दिली की हवं तेवढं उतरवता येतं. बंडीच्या वाट्याला मधलं काम.

आता ती उलटी केलेली बंडी. वरचं कापड आणि आतलं अस्तर दोन्ही नायलॉनचं, अगदी पातळ. लेबलवर ९०/१०, म्हणजे नव्वद टक्के लव आणि दहा टक्के पिसं. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांखाली असते ती मऊ लव. तिला पिसासारखा कडक दांडा नसतो, त्यामुळे ती टोचत नाही आणि फुलून भरपूर हवा धरून ठेवते. ऊब त्या अडकलेल्या हवेची. त्याच लेबलवर फिल पॉवर ६५०. या आकड्याचं दुकानदार फार कौतुक सांगतात. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम लव फुलून किती घन इंच जागा व्यापते, एवढंच तो सांगतो. ८०० ची लव ६५० च्या लवेपेक्षा सरस, कबूल. पण आत भरली आहे किती ग्रॅम, हे बहुतेक लेबलं सांगतच नाहीत. भारीतली चिमूटभर भरण्यापेक्षा मध्यम प्रतीची मूठभर भरलेली बरी.

म्हणून दुकानात माझी चाचणी वेगळी. बंडी मुठीत आवळायची, सोडायची आणि किती चटकन फुगते ते बघायचं. मग टिपांनी पाडलेला एकेक कप्पा उजेडासमोर धरायचा. लव एका कोपऱ्यात गोळा झालेली आणि बाकी कप्पा रिकामा दिसला तर आहे तिथे ठेवून द्यायची. माझ्या बंडीचे पाठीचे आणि छातीचे कप्पे भरगच्च आहेत, बगलेखालचे मुद्दाम पातळ ठेवलेत. ज्याने कटिंग केलं त्याला कामाची जाण आहे. बगलेत जाडी आली की हात धड खाली येत नाहीत आणि माणूस सगळ्या फोटोंत भांडायला उभा असल्यासारखा दिसतो.

टिपांचंही बघा. गोधडीला घालतात तशा या टिपा आरपार मारलेल्या असतात. म्हणजे टिपेच्या रेघेवर लव नाहीच, वरचं कापड थेट अस्तराला चिकटलेलं. गार लागतं ते तिथून. नुसती बंडी घालून वाऱ्यात उभे राहिलात तर तिच्या नावाने बोटं मोडाल. तिच्यावर घट्ट विणीचा कोट चढला की वारा बाहेरच अडतो, आणि बंडी व कोटाचं अस्तर यांच्या मध्येही हवेचा एक थर बसतो. मग ती रेघ जाणवत नाही. टिपा घातलेलं डाऊन जॅकेट काही नवं नाही; अमेरिकेत एडी बॉअर यांना त्याचं पेटंट १९४० साली मिळालं. ते रानावनात, थंड पाण्याकाठी फिरणाऱ्यांचं जॅकेट होतं. त्याच्या बाह्या आणि कॉलर कापून कोटाखाली दडवायचं ज्याला सुचलं, तो नक्की ऑफिसला मेट्रोने जाणारा असणार.

सहलीला बरोबर वन्सं होत्या आणि त्यांचं गुडघ्यापर्यंतचं फुगीर जॅकेट होतं. त्या जॅकेटला मी नावं ठेवणार नाही. रस्त्यावर त्या माझ्यापेक्षा ऊबदार होत्या, हे मान्य. पण आत शिरलं की त्याचं करायचं काय? हातावर घेतलं तर समोरचं दिसत नाही, खुर्चीवर ठेवलं तर वन्संना बसायला खुर्ची उरत नाही. संग्रहालयात सामान ठेवायच्या खणात ते कोंबताना आम्ही दोघी लागलो. "अगं, तुझं काय ते पटकन काढून मोकळी होतेस," असं त्या म्हणाल्या, त्यात कौतुक कमी आणि राग जास्त होता. मी कोट काढून हातावर टाकायची, बंडीची टिचबटणं सोडायची आणि आतल्या गर्द हिरव्या स्वेटरवर फिरायची. अजून उकडलं तर बंडी काढून गुंडाळून पर्समध्ये. तिचं वजन एखाद्या पातळ शर्टाएवढं, गुंडाळी दोन मुठींएवढी. शिवाय वन्संच्या एकूण एक फोटोंत तेच जॅकेट आहे. आत त्यांनी रोज काय सुंदर कपडे घातले होते ते फक्त मला माहीत.

कोटाबद्दल आता जरा बोललंच पाहिजे, कारण बंडीची निम्मी पुण्याई कोटाची आहे. कोट लोकरीचा हवा आणि लेबलवर लोकर निदान ७० टक्के तरी हवी; थोडं नायलॉन मिसळलेलं असेल तर वाईट नाही, कोपर आणि खिशाच्या कडा जास्त टिकतात. कापड मेल्टनसारखं असावं, म्हणजे विणून झाल्यावर दाबून-आटवून इतकं दाट केलेलं की धागे वेगळे दिसत नाहीत. उजेडासमोर धरल्यावर कापडातून बारीक बारीक ठिपके चमकले तर वारा त्याच वाटेने आत येणार. लांबी गुडघ्याच्या खालपर्यंत असली तर उत्तम. कमरेपर्यंतच्या कोटात मांड्या उघड्या पडतात आणि जीन्सचं सुती कापड थंडीत काहीच कामाचं नाही, उलट गार पडून चिकटून बसतं.

कोटाचं माप बंडी घालूनच घ्यायचं. सगळी बटणं लावायची, हात पुढे घेऊन छातीवर घडी घालायची आणि कुणाला तरी पाठ बघायला सांगायची. खांद्यांच्या मध्ये आडव्या सुरकुत्या पडल्या तर कोट घट्ट आहे. दिसायला वाईट ते वेगळंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे लव आत चेपली गेली. चेपलेल्या लवेत हवा नाही आणि हवा नाही तर ऊब नाही. मग नुसतंच एक जास्तीचं कापड अंगावर. रॅगलन बाहीचा, म्हणजे बाहीची शिवण गळ्यापासून निघते तो कोट असेल तर खांद्याला आपोआप जागा मिळते. शिवलेल्या खांद्याच्या कोटात कधी कधी एक माप मोठं घ्यावं लागतं, आणि मग बाह्या लांब होतात. बाह्या आखूड करणं सोपं आहे. खांदा वाढवणं जवळजवळ अशक्य. एवढं लक्षात ठेवलं तर अल्टर करणाऱ्याशी पुढची हुज्जत वाचते.

बंडीच्या आत काय घालायचं हे मला विचाराल तर मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा पातळ, लांब बाह्यांचा थर्मल. मेरिनोचा धागा १७ ते १९ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असला की टोचत नाही. लोकर टोचते ही तक्रार जाड धाग्याची असते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल आत घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि सहलीत त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तिला लवकर वास धरत नाही. रात्री हँगरवर टांगली, सकाळी पुन्हा घातली. कृत्रिम धाग्याचे थर्मल त्याहून पातळ असतात, ओढाताण सोसतात आणि लवकर वाळतात. युनिक्लो या कपड्यांच्या ब्रँडने तोरे या धागा बनवणाऱ्या जपानी कंपनीबरोबर हीटटेक नावाचं थर्मल २००३ साली आणलं, तेव्हापासून तर पातळ थर्मल हा घरोघरचा कपडा झाला. ते मीही वापरते, पण पायांना. अंगाला मेरिनोच. सुती बनियन मात्र घरी ठेवा. घाम धरून ठेवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

आता तक्रारी. पहिली टिचबटणांची. मी खुर्चीत बसले की खालचं बटण उघडतं, दर वेळी. पोटाचा घेर पुरेसा सैल आहे, म्हणजे दोष मापाचा नाही, टिचबटणच हलकं आहे. दुकानात बंडी घालून एकदा खुर्चीत बसून बघावं. दुसरी तक्रार गळ्याची. व्ही आकाराचा गळा कोटाच्या लॅपलमध्ये, म्हणजे छातीवर दुमडलेल्या कॉलरच्या पट्टीत, दडला पाहिजे हा सगळा खटाटोप, आणि माझ्या बंडीची पट्टी कोटाचं वरचं बटण उघडं असलं की बोटभर डोकावते. काही बंड्यांत गळ्याची कड आत दुमडून टिचबटणाने अडकवता येते, तशी मिळाली तर तीच घ्या. आणि कापड चकचकीत नको, मॅट घ्या. डोकावलीच तर अस्तर समजून लोक सोडून देतात.

खिसे दोन आहेत आणि दोन्ही निरुपयोगी, कारण कोट घातल्यावर तिथवर हात जात नाही. आत एक चोरखिसा असता तर पासपोर्टला चालला असता. नाहीये.

पिसं बाहेर येतात. सगळ्याच डाऊनमध्ये येतात, शिवणीच्या भोकांतून जास्त. इथे लोक एक गोष्ट हमखास करतात: दिसलं पीस की उपटलं. त्याचं टोक पकडून ओढलं की मागून आणखी दोन-चार येतात आणि भोकही मोठं होतं. पीस अस्तराच्या बाजूने बोटांच्या चिमटीत धरून आत ओढून घ्यायचं आणि भोकाच्या जागी कापड अंगठ्याने हलकेच चोळायचं. धागे सरकून भोक मिटतं.

आणि स्थिर वीज! हीटरची कोरडी हवा, नायलॉनची बंडी, कोटाचं पॉलिएस्टर अस्तर. कोट काढताना तडतड आवाज, केस उभे, आणि लिफ्टच्या बटणाला बोट लावलं की झटका. अस्तर व्हिस्कोस किंवा क्युप्रो या वनस्पतिजन्य धाग्यांचं असलेल्या कोटात हे बरंच कमी होतं. हाताला आणि केसांना थोडं क्रीम लावूनही फरक पडतो. वन्संना प्रत्येक दरवाज्याला झटका बसत होता, त्यामुळे शेवटी दारं उघडायचं काम माझ्याकडे आलं.

बॅग भरताना बंडीने खरी जागा वाचवली. कोट आणि बूट अंगावर घालूनच विमानात बसायचं. तेच सगळ्यात जड आणि तेच सगळ्यात मोठे. बॅगेत मग दोन बारीक विणीचे स्वेटर, एक उंच गळ्याचा, एक गडद लोकरी पँट, एक स्कर्ट आणि जाड टाइट्स एवढंच आरामात बसलं. जाड केबल विणीचा स्वेटर नेऊ नका. बॅग तो एकटाच खातो आणि कोटाच्या बाहीत मावत नाही. नटण्याची हौस चेहऱ्याजवळ भागवावी. फोटोत कोट रोज तोच असतो, बदलतात ते मफलर आणि टोपी, आणि दोन्ही मुठीत मावतात. मी कोट गडद निळा आणि मफलर एक मोहरी रंगाचा, एक विटकरी, असं नेलं होतं. काळा कोट सगळ्यांना हवा असतो, पण त्याच्यावर पांढऱ्या मफलरचा धागा न्‌ धागा दिसतो. टोपीवाचून निम्मी ऊब डोक्यातून जाते असं जे सांगतात ते खरं नाही. डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा, जाते तीही साधारण तेवढीच. टोपी घालायची ती कानांसाठी. आणि शोभते म्हणून.

बुटांचं एकच. तळवा जाड हवा आणि आत बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात मोज्यांच्या दोन जोड्या कोंबल्या की पाय जास्त गार पडतात.

ही बंडी कुणी घेऊ नये, तेही सांगते. जिथे थंडीत बर्फाऐवजी पावसाची पिरपिर असते अशा ठिकाणी जाणार असाल तर डाऊन नको. लव भिजली की तिचा गोळा होतो आणि ऊब संपते. तिथे कृत्रिम भरणाची बंडी बरी. प्रायमालॉफ्टसारखं भरण १९८० च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी तयार झालं ते याच कारणाने, ओलं झालं तरी थोडीफार ऊब राहावी म्हणून. थोडी जाड होते आणि गुंडाळी मोठी, पण वाळते लवकर. पारा उणे १५ च्या खाली जाणार असेल तरी ही बंडी पुरणार नाही, तिथे वन्संचंच जॅकेट खरं. आणि पक्ष्यांच्या पिसांचा प्रश्न ज्यांना सतावतो त्यांनीही कृत्रिम भरण घ्यावं. जिवंत पक्ष्यांची पिसं उपटलेली नसावीत यासाठी रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड नावाचं प्रमाणपत्र २०१४ पासून आहे. डाऊनच घ्यायचं असेल तर निदान तो शिक्का लेबलवर शोधावा. माझ्या बंडीवर आहे.

घरी आल्यावर धुण्याचं काम. साधी साबणपूड नको, डाऊनसाठी वेगळा सौम्य द्रव साबण मिळतो. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये, नाजूक कपड्यांच्या सायकलवर. वाळवायला ड्रायर मंद आचेवर आणि आत दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल; ते आपटून आपटून लवेचे गोळे फोडतात. वेळ लागतो, आणि वरून कोरडी वाटली तरी कप्प्याच्या कोपऱ्यात बोटांना गोळी लागत असेल तर ती आत ओली आहे, पुन्हा फिरवा. मग ती बरोबर मिळालेली छोटी पिशवी बाजूला ठेवा. पिशवी प्रवासापुरती. वर्षभर त्यात कोंबून ठेवलेली लव पुढच्या थंडीत फुलायला कंटाळते. हँगरला टांगावी, किंवा मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी.

पुन्हा घ्यायची झाली तर मी हीच घेईन, मॅट राखाडी रंगात, गळा दुमडणारी, आणि खालचं टिचबटण काढून तिथे घरीच जरा दमदार लावेन. वन्संनी स्वतःसाठी एक मागवली आहे, बाह्यांची. कोटाच्या बाहीत ती बाही गोळा होईल असं मी सांगून बघितलं, पण हात गार पडतात म्हणाल्या. कशी बसते ते आता त्याच लिहितील.